खिडकी लंडनची, साकव आमचा

पडदा पडला तेव्हा मागच्या रांगा उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या आणि पुढची रांग हाताची घडी घालून बसली होती. पडद्याच्या फटीतून मी दोन्हीकडे आळीपाळीने बघत होते. आनंदाने उड्या माराव्यात की मागच्या दाराने पळून जावं, काही कळत नव्हतं.

"जिकलाव गो शालन!" दत्ताराम मेस्त्री ओरडत आला. त्याच्या गालावरचा पांढरा रंग घामाने ओघळून कोटाच्या कॉलरवर आला होता. "माणसां खुर्च्येर चढली असत, बघलंस?"

"पुढे बघितलंत का तुम्ही? पुढच्या रांगेत?"

"पुढे कित्याक बघूचा? पुढे बसतत ते कधी हसतत?"

दत्ताराम आरोग्य खात्यात कामाला होता, पण त्याचा खरा जीव दशावतारात. हंगामात तो राजाचं सोंग घ्यायचा आणि न लिहिलेली भाषणं तासभर ठोकायचा. आज मात्र तो राजा नव्हता. आज तो लंडनच्या एका मंत्र्याचा सचिव होता, आणि त्याला सचिव मी केलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवची. आमच्या जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडा आणि सांस्कृतिक स्पर्धा दर फेब्रुवारीत होत. दिवसा कबड्डी, लिंबू-चमचा, संध्याकाळी एकांकिका. कोकणातल्या माणसाला पगार उशिरा मिळाला तर चालतो, नाटक उशिरा सुरू झालेलं चालत नाही. त्यामुळे सगळी खाती वर्षभर एकमेकांच्या तालमींवर नजर ठेवून असत. त्या वर्षी आमच्या बांधकाम विभागाने आरोग्य खात्याकडून दत्तारामला उसना घेतला होता, आणि नाटकाच्या नावाबरोबर ध्वनिक्षेपकावरून स्वच्छ सांगितलं होतं : 'मूळ इंग्रजी. रूपांतर, शालन कोरगावकर, कनिष्ठ लिपिक.'

ते इंग्रजी म्हणजे एक जुनी ब्रिटिश विनोदी मालिका. माझा मामा बोटीवर होता. त्याने लंडनहून तिच्या कॅसेटी आणल्या होत्या. मुंबईला त्याच्याकडे गेले की आम्ही त्या बघायचो. लंडनमधला एक मंत्री आणि त्याचा सचिव, हीच मुख्य माणसं. मंत्री सकाळी काहीतरी चांगलं करायचं ठरवतो आणि संध्याकाळपर्यंत सचिव ते होऊ देत नाही. विरोध मात्र कधी करत नाही. मान डोलावतो, कौतुक करतो, आणि एक वाक्य असं सुरू करतो की त्याच्या शेवटाला पोचेपर्यंत मंत्री आपण काय म्हणत होतो ते विसरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि एकदम मी हसायची थांबले. 'प्रस्ताव तत्त्वतः मान्य असून योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्यात येईल,' हे वाक्य त्याच आठवड्यात मी टाईप केलं होतं. लंडनच्या त्या साहेबाला ते कोणी शिकवलं?

मामा म्हणाला होता, "आपल्या माणसाने कान टोचला तर दुखतो. इंग्रज सोनार असला तर लोक कान पुढे करतात." ते मी मनात धरून ठेवलं होतं.

पडद्यामागे आता पावलं वाजली. आमचे कार्यकारी अभियंता जहागीरदार साहेब आत आले. उंच, सडपातळ, कधी आवाज न चढवणारा माणूस. आजही चढवला नाही.

"कोरगावकर, अभिनंदन. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिलाय. पुढच्या शनिवारी विभागीय फेरी. पालकमंत्री प्रमुख पाहुणे आहेत."

"थँक यू, साहेब."

"उद्या अकरा वाजता सीईओ मॅडमच्या दालनात या. ती इंग्रजी कॅसेट घेऊन."

"कॅसेट?"

"मूळ इंग्रजी म्हणून तुम्हीच जाहीर केलंत ना? मग मूळ दाखवा. नाटकातला पूल त्या कॅसेटमध्ये असला तर प्रश्नच नाही. नसला तर खात्यातली फाईल तुम्ही चव्हाट्यावर मांडली असा अर्थ होतो. निलंबनाची नोटीस मी तयार ठेवतोय. अध्यक्षांनाही मी सांगितलंय." आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "बाकी नाटक छान झालं."

दत्ताराम हसला. "चोराच्या मनात चांदणा! दाखव मगे कॅशेट. भियाचा काय असा?"

"दत्तारामभाऊ," मी म्हटलं, "कॅसेटमध्ये पूल नाही."

"नाय म्हंजे?"

"मंत्री आणि सचिव त्यांचे. पुलाची गोष्ट आपली आहे. मी घातली."

दत्ताराम जिथे होता तिथेच, लंडनच्या मंत्र्याच्या खुर्चीत, मटकन खाली बसला.

पूल आमचा होता म्हणजे अगदी माझा होता. भेरलेवाडी आणि शाळा यांच्यामध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आहे, आणि त्या व्हाळावर जिल्हा परिषदेने साकव बांधला होता. चांगला सिमेंटचा, दोन्ही बाजूंना कठडे, वरून दोन माणसं सहज शेजारी शेजारी जातील एवढा रुंद. काम पुरं होऊन वर्ष होत आलं होतं. पण दोन्ही टोकांना पत्र्याची दारं ठोकून कुलपं घातली होती आणि वर पाटी होती : 'उद्घाटनापूर्वी वापर करू नये.' उद्घाटन पालकमंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. त्यांची तारीख मिळाली, मांडव पडला, आणि तारीख रद्द झाली. मग मंत्रिमंडळच बदललं. नवे पालकमंत्री आले, म्हणून कोनशिला नवी कोरावी लागली. तीवर कोणाचं नाव कोणाच्या वर, यावर पुन्हा दोन महिने गेले. सरपंचाला तोंडी निरोप होता, कुलपाला हात लागला तर वाडीचं पुढचं एकही काम मंजूर होणार नाही.

तर मी रोज सकाळी चपला हातात घेऊन, साडी गुडघ्यापर्यंत धरून, त्या नव्याकोऱ्या साकवाच्या शेजारून व्हाळ ओलांडायची. माझ्याबरोबर शाळेची मुलं असायची, दप्तरं डोक्यावर घेतलेली. पलीकडे पाय पुसून एसटी पकडायची, कचेरीत जायचं, आणि तिथे बसून टाईप करायचं : 'साकवाच्या उद्घाटनास आपली सोयीची तारीख कळवावी, ही विनंती.' ओल्या परकराने ते पत्र मी किती वेळा टाईप केलं असेल! आता जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा व्हाळ भरलेला असणार, आणि पुन्हा मुलं दोन महिने घरी बसणार. हे मला दिसत होतं. बाकी कोणाला दिसत नव्हतं, कारण बाकी कोणी ओल्या परकराने कचेरीत बसत नव्हतं.

म्हणून मी नाटक लिहिलं. लंडनमध्ये थेम्सच्या एका ओढ्यावर पूल बांधलाय, आणि राणीसाहेबांची तारीख मिळत नाही म्हणून मुलं कपडे वर धरून पाण्यातून शाळेत जातात. पात्रांची नावं इंग्रजी, कोट इंग्रजी, पाटी मात्र होती तशी. 'उद्घाटनापूर्वी वापर करू नये.' दत्तारामने ती पाटी मंत्र्याला वाचून दाखवली तेव्हा मंडप कोसळतो की काय असं वाटलं.

"आता काय करतलंस?" दत्तारामने विचारलं.

"नोकरी गेली तर गेली," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण आवाज माझाच मला अनोळखी वाटला. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी मिळालेली नोकरी होती ती. तिच्यावर आई आणि मी जगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी व्हाळात उतरले तेव्हा एका हातात चपला होत्या आणि दुसऱ्या हातात कॅसेट. मामाने दिलेली ती एकच कॅसेट माझ्याकडे होती आणि तिच्यावर एकच भाग धड उरला होता. पाण्याच्या मधोमध आल्यावर मनात आलं, हात सैल सोडला तर? 'साहेब, पाय घसरला, पाण्यात गेली.' कोणी काय करणार होतं? वर बघितलं तर साकव. त्याच्या कठड्यावर एक कावळा निवांत बसला होता. त्याला उद्घाटनाची गरज नव्हती. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी कॅसेट पदरात घट्ट गुंडाळली आणि ताडताड पलीकडे गेले.

सीईओ मॅडमचं दालन थंडगार असायचं. कल्याणी रामन त्यांचं नाव. तमिळनाडूच्या, नुकत्याच आलेल्या, वयाने माझ्याएवढ्याच. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलायच्या. साक्षरता मोहिमेचा टीव्ही आणि व्हीसीआर कोपऱ्यात आणून ठेवला होता. शेजारी जहागीरदार साहेब, मांडीवर फाईल. समोरच्या मोठ्या खुर्चीत आमचे अध्यक्ष, दाजी वालावलकर. साठीचा, गोरटेला, पोट सुटलेला माणूस. दशावताराचा शौकीन, रागावला की गावभर ऐकू जायचं. आज ते गप्प होते, तेच जास्त भीतीदायक होतं.

दत्ताराम मागून आत आला.

"तुला कोणी बोलावलं?" जहागीरदारांनी विचारलं.

"मी मुख्य नट, सायबा. मूळ कसा असा ता माकाय बघूक व्हया."

"बसू द्या," मॅडम म्हणाल्या. "कॅसेट लावा, कोरगावकर."

मी कॅसेट दोनदा उलटी घातली. पडद्यावर मुंग्या आल्या, मग रेषा, मग लंडन आलं.

तो भाग होता खिडकीचा. मंत्र्याच्या दालनात उकडतंय. खिडकी रंगाने चिकटून बसलीये, उघडत नाही. मंत्री सचिवाला बोलावतो : ही खिडकी उघडून द्या. सचिवाला अतोनात आनंद होतो. एवढी चांगली कल्पना आजवर कोणाला सुचली नाही असं त्याच्या तोंडावर दिसतं. तो जातो आणि एक माणूस घेऊन येतो. तो माणूस खिडकी मोजतो. मग दुसरा माणूस येतो, तो पहिल्याने घेतलेलं माप मोजतो. मग तिघे जण आत येऊन खिडकीकडे पाठ करून बैठक घेतात. मंत्री कोट काढतो, टाय सैल करतो, घाम पुसतो.

दालनात कोणी हसलं नाही. व्हीसीआर घरघरत होता. मी दाजींकडे चोरून बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

पडद्यावर सचिव बोलायला लागला. एक वाक्य. ते सुरू झालं, वळलं, पुन्हा वळलं, पायऱ्या चढलं, उतरलं, आणि मंत्री तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिला.

"हेका मी ओळखतंय," दाजी एकदम म्हणाले.

"कोणाला, दाजी?" मॅडमनी विचारलं.

"ह्येका. ह्या लांबड्याक." दाजींनी बोट पडद्याकडे केलं आणि तसंच फिरवत जहागीरदारांवर आणलं. "हे तुमी! हुबेहूब! मागच्या सभेक मी इचारलंय, साकव कधी उघडतलास, तेवा तुमी असाच एक वाक्य बोललास. माका घराक जावन झोप लागली नाय, अर्थ लावीत ऱ्हवलंय!"

दत्ताराम फस्सकन हसला आणि खोकल्याचं सोंग केलं. जहागीरदार साहेब लाल झाले.

"दाजी, मला आपल्या लक्षात एक गोष्ट आणून द्यायची आहे—"

"गप ऱ्हवा हो, बघूक देवा!"

आणि मग दाजी हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट हलायला लागलं, मग मांडीवर थाप. तिकडे मंत्री खुर्चीवर चढून स्वतः खिडकीला धक्के मारायला लागला होता आणि खाली सचिव त्याची खुर्ची अदबीने धरून उभा होता. पडू नये म्हणून, आणि वर पोचू नये म्हणूनही. दाजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मेलो! मेलो मंत्री!" ते ओरडत होते. "अरे काच फोड! काच फोड, मेल्या!" बाहेर पट्टेवाल्याने दार किलकिलं करून बघितलं. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला होता. त्यामागे काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते.

शेवटी मंत्री घामाने भिजून खुर्चीत बसतो, आणि सचिव मोठ्या मानाने त्याला एक हातपंखा भेट देतो. संपलं. मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर ती बंद खिडकी तशीच थांबली.

दाजी डोळे पुसत होते. त्या क्षणी जहागीरदार साहेब उभे राहिले.

"मॅडम, मी नम्रपणे एवढंच नोंदवू इच्छितो की या कॅसेटमध्ये एकही पूल नाही. खिडकी आहे. कोरगावकरांनी आपल्याला फसवलं आहे."

झालं. नोकरी गेलीच.

"खरे आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पूल नाही. मी लक्षपूर्वक पाहिले."

"म्हणजे नोटीस द्यावी लागेल."

"निश्चित. तुम्ही मसुदा सांगा, मी लिहून घेते." त्यांनी पेन उघडलं. "नाटकातला पूल लंडनचा नाही. मग तो कुठला आहे?"

"आपला, मॅडम. भेरलेवाडीचा."

"तसे लिहूया. 'भेरलेवाडी येथील पूल, ज्याचे काम पूर्ण होऊन एक वर्ष होत आले आहे, जो केवळ तारीख मिळत नाही म्हणून कुलूप लावून ठेवला आहे, आणि ज्याच्या शेजारून शाळेची मुले पाण्यातून जातात, तोच पूल या कर्मचाऱ्याने जसाच्या तसा रंगमंचावर दाखवला.' बरोबर आहे ना? खाली स्वाक्षरी तुमची. प्रत पालकमंत्र्यांना."

जहागीरदार साहेबांनी फाईल उघडली, मिटली. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. अगदी त्या मंत्र्यासारखे.

"तसं नव्हे, मॅडम," ते म्हणाले. "म्हणजे, शब्दशः पाहिलं तर खिडकी आहे. पण व्यापक अर्थाने, आणि मूळ लेखकाचा हेतू लक्षात घेता, आणि दोन्ही ठिकाणी जाण्या-येण्याच्या मार्गाचा प्रश्न आहे हे ध्यानात घेतलं तर, खिडकीसुद्धा, एका परीने, पूलच म्हणता येईल."

"तां मी कवाधरना सांगतंय!" दाजी गरजले. "खिडकी काय नि साकव काय! उघडणा नाय ता उघडणा नाय!"

"म्हणजे मूळ सापडले," मॅडम म्हणाल्या, आणि कागद चुरगाळून टोपलीत टाकला. "नोटिशीचा प्रश्न मिटला. नाटक शनिवारी होईल."

मी श्वास घेतला. इतका मोठा की दत्तारामने वळून बघितलं. पण मॅडमनी पेनाचं टोपण अजून लावलं नव्हतं.

"एक छोटी अडचण राहिली. शनिवारी पालकमंत्री हे नाटक बघतील, हसतील, आणि अध्यक्षांना विचारतील : दाजी, असा पूल आपल्या जिल्ह्यात नाही ना? त्यांना काय उत्तर द्यायचे?"

दाजींनी जहागीरदारांकडे बघितलं. जहागीरदारांनी फायलीकडे बघितलं. मग दाजींनी टीव्हीकडे बघितलं, जिथे ती खिडकी अजून बंदच होती. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"फाल्या सकाळी उघडूचो," ते म्हणाले.

"पण दाजी, कोनशिला अजून—" जहागीरदार बोलायला लागले. "शिवाय मंत्रिमहोदयांची संमती घेतल्याशिवाय, प्रथा पाहता, आणि पुढच्या अंदाजपत्रकाचा विचार करता—"

"जहागीरदार," दाजी म्हणाले, "आता तुमी माका पंखो देतलास काय?"

बाहेर पडताना मॅडमनी मला थांबवलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाल्या, "कोरगावकर, तुमचे रूपांतर मुळापेक्षा चांगले आहे. खिडकीतून मुले शाळेत जात नाहीत." आणि गेल्या. मी तिथेच भिंतीला टेकले आणि आता मात्र मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या सकाळी व्हाळाच्या काठावर अख्खी भेरलेवाडी लोटली होती. दाजी आले, दत्ताराम आला, जहागीरदार साहेबही जीपमधून उतरले. सरपंचांनी हौसेने नारळ आणला होता.

"नारळ ठेव भितर," दाजींनी दटावलं. "नारळ फुटलो तर उद्घाटन झाला. उद्घाटन झाला तर मंत्री माका फोडतलो. हो साकव कधी बंदच नव्हतो, समाजलंस?"

मग कळलं की किल्ली ठेकेदाराकडे आहे आणि ठेकेदार गोव्याला गेलाय. जहागीरदार साहेबांच्या तोंडावर क्षणभर समाधान दिसलं, ते मी अजून विसरलेली नाही. काठावर पहिली कोनशिला पडून होती, जुन्या पालकमंत्र्यांच्या नावाची, खाली दाजींचंही नाव असलेली. तिचा एक कोपरा फुटून बाजूला पडला होता. दाजींनी तो तुकडा उचलला, धोतर सावरलं, आणि कुलपावर घाव घातला. दोन घाव वाया गेले. तिसऱ्याला कुलूप तुटलं. पत्र्याचं दार करकरत उघडलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत मुलं सुसाट सुटली! पलीकडचं दार दत्तारामने खांद्याने पाडलं. मुलं गेली आणि परत आली, पुन्हा गेली, उगीचच, नुसती पायाखाली सिमेंट आहे म्हणून. सगळ्यांची दप्तरं पाठीवर होती. मी साडी खाली सोडली, चपला घातल्या आणि साकवावर चढले. चपलांचा आवाज येत होता. मी मुद्दाम जोराने पाय आपटत गेले.

मधोमध दाजी कठड्याला टेकून धापा टाकत उभे होते. मी जवळ गेले तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"शालन, कॅशेटीत साकव नव्हतो."

मीही कठड्याला टेकले.

"माका इंग्लिश कळणा नाय, पण डोळे असत." ते पाण्याकडे बघत होते. "हसान हसान मेलंय काल. मगे घराक गेलंय नि हसू येवक नाय. तो मंत्री वायट नव्हतो गो. तेका खिडकी उघडूची होती. तरी ती उघडली नाय." मग ते म्हणाले, "माकाय उघडूचो होतो हो साकव."

"मला माहीत आहे, दाजी."

"माहीत असा तर मगे नाटकात तसा लिव. तुझो मंत्री नुसतो बावळट दाखवलंस. शनिवारच्या आधी बदल. नि पुढच्या वर्षी ता काम माका दी."

मी बदललं. शनिवारी पालकमंत्री खूप हसले आणि दाजींना त्यांनी खरंच तो प्रश्न विचारला. दाजींनी छाती काढून सांगितलं, "आमच्याकडे? छे, सायब! आमचे सगळे साकव उघडे!" पुढच्या वर्षी दाजींनी मंत्र्याचं काम केलं. दत्तारामसारख्या कसलेल्या नटाला त्यांनी खाऊन टाकलं.

आता मी निवृत्त झालेय. ती मालिका अजून कुठे कुठे दाखवतात. भाची मोबाईलवर लावून देते, आणि त्यातला कोणीही म्हातारा झालेला नाही. माझ्या एकांकिकेचंही तसंच आहे. महाराष्ट्रभर कुठली कुठली मंडळं ती करतात. आणि दर वर्षी, स्पर्धा संपल्या की, एखादा तरी फोन येतोच. परवाच विदर्भातून आला. बाई घाबरलेली होती, आणि आवाजात काहीतरी उसळतही होतं. ते मला लगेच ओळखू आलं. ती म्हणाली, "ताई, काल प्रयोग झाला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. पण पुढच्या रांगेतले साहेब भडकले ना! विचारून राहिले, आमच्या इथलं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांना सांग, लंडनचं आहे," मी म्हटलं. मग खुर्ची ओढून नीट बसले. "आणि आता मला सांग, काय बंद आहे तुमच्याकडे?"